एका इंचाचा प्रश्न

वैशाखातली एखादी रात्र घ्यावी. जेवणे उरकली आहेत, ओट्यावरची भांडी पालथी पडली आहेत, अंगणातल्या कडुनिंबाची पाने हलावीत इतपत वारा सुटला आहे आणि घड्याळात साडेदहा वाजून गेले आहेत. अशा वेळी एकमजली घरात किंवा इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने पंखा बंद करावा, टेबलावर उभे राहावे आणि डोक्यावरच्या स्लॅबला तळहात लावून पाहावा. सूर्य मावळून साडेतीन तास उलटलेले असतात, तरी ते छत तापाने फणफणलेल्या मुलाच्या कपाळासारखे हाताला लागते. आणि बाहेर ओसरीवर बसलेला माणूस ‘आता जरा बरे वाटते’ म्हणत असताना आतला माणूस घामाने निथळत का असतो, याचा उलगडा त्या एका स्पर्शाने होतो.

या अनुभवावर आपल्याकडे जो तोडगा निघतो तो यंत्राचा असतो. पंख्याच्या जोडीला कुलर येतो, कुलरला घालायला पाणी पुरेनासे झाले की ऐपतीप्रमाणे एसी येतो, आणि ज्याची ऐपत नसते तो ओला पंचा अंगावर घेऊन गच्चीवर अंथरूण टाकतो. घरात शिरलेली उष्णता बाहेर कशी काढावी याचा खल आपण मोठ्या हौसेने करतो; ती आत येते कोठून आणि तिला वेशीवरच कसे थोपवावे, हा प्रश्न मात्र घर बांधताना गवंडी विचारत नाही, इंजिनिअर विचारत नाही, आणि घराचा मालक तर नाहीच नाही, कारण त्याचे सारे चित्त फरशीच्या रंगावर जडलेले असते. मीही अशाच मालकांपैकी एक होतो, हे आरंभीच कबूल करून टाकतो.

मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रश्न पडावा यात थोडा विषादाचा भाग आहे, कारण त्याचे उत्तर येथे पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येकाच्या डोक्यावर होते. माझ्या आत्याचे घर माळवदाचे होते. पुढे ते उतरवून घेण्याची वेळ आली तेव्हा मी तेथे उभा होतो, आणि ज्या छताखाली लहानपणच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या काढल्या ते आतून कसे असते हे त्या दिवशी प्रथमच पाहिले. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलचणाची दाटी, तिच्यावर वाळवी धरू नये म्हणून पसरलेला कडुनिंबाचा पाला, पाल्यावर चिखलाचा लेप आणि त्याच्यावर पांढरीची माती. आणि ती माती एकाच वेळची नव्हे, तर दर मृगाच्या आधी घरातल्या कोणी ना कोणी टोपल्यांनी वर नेऊन धुमसलेली, त्यामुळे कुदळीच्या घावासरशी तिचे पापुद्रे वहीच्या पानांसारखे सुटे होत होते. सगळा थर मी वीतभर काठीने मोजला. दोन वितींच्या वर भरला. भर दुपारी, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्या माळवदाखालच्या अंधाऱ्या खणात साण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, पडणारा उन्हाचा कवडसा तेवढा जिवंत वाटे आणि आत्या खुशाल घोंगडीवर डोळा लावून पडलेली असे. विजेचा पंखा त्या घरात शेवटपर्यंत आला नाही, आणि तो नाही याची तक्रार केल्याचे मला तरी आठवत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे कमी असताना, किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. मातीत रचलेल्या गोट्यांच्या जाड भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरची माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. मृतांची संख्या आठ हजारांच्या आसपास गेली. जेथे माळवदाचा भार लाकडी खांबांच्या चौकटीने पेलला होता अशी कित्येक खणांची घरे, भिंती पडूनही, उभी राहिली. पण हा बारकावा त्या सकाळी कोणाच्या ध्यानी यावा? दहा फूट रुंद, तेरा फूट लांब अशा साध्या खोलीवर अर्धा मीटर माती असली तर तिचे वजन साडेनऊ टनांच्या घरात जाते, आणि एवढे ओझे आपण डोक्यावर घेऊन निजत होतो, ही जाणीव ज्याला एकदा झाली तो पुन्हा माळवदाखाली निजणार नाही. पुनर्वसित गावांतून काँक्रीटची घरे रांगेने उभी राहिली. ज्या गावांना धक्का लागला नव्हता तेथेही ज्याला जमले त्याने माळवद उतरवून स्लॅब टाकला, ज्याला न जमले त्याने पत्रे चढवले. जे झाले ते योग्यच झाले, यात शंका घेण्याचे कारण नाही.

पण माती दोन कामे करीत होती. एक ती दाबत होती, आणि दुसरे ती अडवत होती. पहिल्या कामाबद्दल तिला शिक्षा झाली; दुसऱ्या कामाची नोंद कोणाच्याच दप्तरात नसल्यामुळे, तिला पदच्युत करताना ते काम आता कोणाकडे सोपवायचे, हा विचार राहून गेला. तीस वर्षे उलटून गेली, ती जागा रिकामीच आहे.

उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी तीन वाटांनी जाते हे शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत: वहन, अभिसरण आणि प्रारण. गच्चीवर या तिन्ही वाटा एकामागून एक वाहत्या असतात. सूर्याची उष्णता प्रारणाने गच्चीवर पडते; आणि लातूर परिसरात मेच्या दुसऱ्या आठवड्यात ‘शून्य सावली’चा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य अक्षरशः माथ्यावर असतो, तेव्हा भिंतींना तिरपे चाटून जाणारे ऊन गच्चीवर सरळ उभे कोसळते. पृष्ठभाग साठ अंशांवर सहज जातो. तेथून ती उष्णता स्लॅबच्या कणाकणांतून वहनाने खाली उतरते. आणि काँक्रीट ही वस्तू अशी की ती उष्णतेला फारशी अडवतही नाही आणि लवकर विसरतही नाही. दिवसभर ती उष्णता पोटात साठवते, चार-पाच तासांच्या विलंबाने खालच्या अंगाला आणून सोडते, आणि आपण दिवे मालवून आडवे होतो नेमक्या त्या वेळी तिचे प्रारण आपल्या अंगावर सुरू होते. पंखा हवा हलवू शकतो. छतापासून कातडीपर्यंत सरळ येणाऱ्या किरणांना हलवण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही.

पदार्थ उष्णता किती सहज वाहून नेतो हे मोजण्याची रीत ठरलेली आहे, आणि तिचा पाया फूर्ये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे: दोन बाजूंच्या तापमानांतला फरक जितका जास्त तितका उष्णतेचा ओघ मोठा, मधल्या थराची जाडी जितकी जास्त तितका तो क्षीण, आणि उरलेला सारा भेद त्या पदार्थाच्या स्वभावाचा. हा स्वभाव आकड्यांत मांडायचा, तर सळईच्या काँक्रीटचा आकडा दीडच्या थोडा वर, भाजल्या विटेचा पाऊणच्या आसपास, मातीचा अर्धा ते पाऊण. आणि थर्माकोलचा शेकडा साडेतीन ते चार, म्हणजे ०.०३५ ते ०.०४. ग्लासवूल, रॉकवूल, बुचाचे लाकूड हीही याच पंगतीतली. काँक्रीट आणि थर्माकोल यांच्यात चाळीसपटींचे अंतर पडते. पण थर्माकोलमध्ये विशेष ते काय आहे? मूर्ती, मखरे आणि खोक्यांतले भरण यांखेरीज ज्याची कोणी किंमत केली नाही अशा या पांढऱ्या, बोटाने कुरतडता येणाऱ्या जिनसेने काँक्रीटला लाजवावे, हे कसे?

याचे उत्तर असे की थर्माकोल जवळजवळ नसतोच. त्याच्या शंभर भागांतले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग हवा असते, आणि स्थिर हवेचा आकडा अवघा ०.०२६ आहे. हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. तिचा दोष एवढाच की ती स्थिर राहत नाही. मोकळ्या पोकळीत एक बाजू तापली की हवा हलकी होऊन वर जाते, थंड हवा तिची जागा घेते, आणि अभिसरणाची चक्री सुरू होऊन पोकळीच्या एका काठाची उष्णता दुसऱ्या काठाला पोचती होते. शिवाय पोकळीच्या समोरासमोरच्या भिंती प्रारणाने एकमेकींशी व्यवहार करतात तो वेगळाच. हवेला मिलिमीटरहून लहान कोठड्यांत डांबले, तर तिला फिरायला जागा राहत नाही, प्रारणाला प्रत्येक कोठडीच्या भिंतीपाशी थबकावे लागते, आणि भिंती इतक्या पातळ असतात की त्यांच्यातून होणारे वहन नावापुरतेच उरते. ग्लासवूलचे तंतू हेच करतात, मेंढीची लोकर हेच करते, आजीची वाकळ हेच करते. रमफोर्ड नावाचा एक चौकस गृहस्थ बव्हेरियाच्या सैन्याच्या पोशाखाची व्यवस्था पाहत असताना लोकर, पिसे आणि केसाळ कातडी यांवर प्रयोग करून याच निष्कर्षाला आला होता. १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला पदक दिले. उष्णतारोधन म्हणून जे जे काही बाजारात मिळते, ते सारे हवेला नजरकैदेत ठेवण्याचे प्रकार आहेत.

या विद्येचा एक मासला हिंदुस्थानने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच पाहिला होता. १८३३ च्या मे महिन्यात बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे गलबत फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा माल घेऊन निघाले. माल काय, तर तळ्यातून कापलेला १८० टन बर्फ. विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी, सप्टेंबरात ते कलकत्त्याला लागले तेव्हा त्यातला सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. पुढे मुंबईलाही हा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी कोटात आइस हाऊस उभे राहिले. ट्यूडरच्या या व्यापाराचे रहस्य कोणत्याही यंत्रात नव्हते, कारण बर्फ करण्याचे यंत्र त्या काळी बाजारात आलेच नव्हते. लाकडाचा भुसा, सालींचा चुरा, वाळले गवत असल्या कवडीमोल जिनसांत कोंडलेली हवा, एवढेच त्याचे भांडवल होते. आमच्या गावच्या बर्फाच्या कारखान्यातून रसवंतीवाला सायकलच्या कॅरियरवर लादी नेतो तेव्हा ती भुशात लोळवून गोणपाटात गुंडाळतो; ट्यूडरचे नाव त्याने ऐकलेले असण्याचा संभव नाही, पण भर बाराच्या उन्हात आपली लादी दोन मैल टिकते हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्या लादीचे जे कौतुक, त्याच्या डोक्यावरच्या पत्र्याचे मात्र नाही.

आता माझ्या मुद्द्याचा हिशेब. अर्धा मीटर जाडीची माती उष्णतेला जेवढा विरोध करते, जवळजवळ तेवढाच विरोध एक इंच थर्माकोल करतो. मातीचे वजन चौरस मीटरला आठशे किलो. एक इंच थर्माकोलचे अर्धा किलो. किल्लारीने आपल्याला ज्या ओझ्याची धास्ती घालून दिली ते ओझे न घेता माळवदाचे दुसरे काम करून घेण्याची सोय अशा रीतीने हाताशी आहे. (माती एक गोष्ट आणखी करीत असे: दिवसाचा ताप इतक्या सावकाश आत घेई की तो तळाशी पोचेपर्यंत रात्र होऊन वरची माती निवायला लागलेली असे. थर्माकोलच्या अंगी हा गुण नाही. पण त्याच्याखालचा स्लॅब, उन्हापासून वाचवला, की ते काम थोडेफार करू लागतो. म्हणून हा थर स्लॅबच्या वर हवा. खालून फॉल्स सीलिंगमध्ये तो घातला तर खोलीला काहीसा आराम पडतो, पण स्लॅब बिचारा उन्हात तापत-आखडत राहतो, त्याला भेगा पडतात, आणि पावसाळ्यात गळती सुरू झाली की शिव्या सिमेंटला बसतात.)

सरकारी घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. त्याच्यावर पाच इंची स्लॅब आहे, वर साठ अंश तापमान आहे आणि खोलीत चाळीस, असे धरून ढोबळ गणित मांडले, तर छतातून आत येणारी उष्णता चौरस मीटरला सत्तर वॅटच्या वर, म्हणजे अवघ्या घराला सुमारे अठराशे वॅट पडते. हजार वॅटच्या दोन विजेच्या शेगड्या मे महिन्यात घरात पेटवून ठेवाव्यात, त्यातला हा प्रकार. त्याच स्लॅबवर एक इंच थर्माकोल असता, तर हा आकडा साडेपाचशेच्या आसपास उतरला असता. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की दहा मजली इमारतीत हा ताप एकट्या वरच्या मजल्याला होतो, खालच्या नऊ मजल्यांना दुसऱ्याचे घर हेच छत्र असते. घरकुलात मात्र एकच मजला, त्यामुळे घराची झाडून सगळी माणसे वरच्या मजल्यावरच राहत असतात.

नियम नाहीत असे नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. तीत छतातून होणाऱ्या उष्णतावहनाला दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटची मर्यादा घातली आहे. उघडा स्लॅब या मोजमापात तीनच्या वर जातो. एक इंच थर्माकोल घातलेला स्लॅब एकच्या आसपास येतो, म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण होतो. पण २०१८ ची ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींपुरती होती, आणि राज्याने ती आपल्या नियमांत दाखल करून घेतल्याखेरीज तिचा अंमल होणार नव्हता. ज्याचे घर लहान, ज्याच्याकडे एसी नाही आणि ज्याच्या डोक्यावर थेट आकाश, त्याला या कायद्याने आपल्या दारातही उभे केलेले नाही. घरकुलासाठी मैदानी भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपयांचे आहे. त्या रकमेत पाया, भिंती, छत आणि दारे-खिडक्या भागवताना लाभार्थ्याचा जो जीव मेटाकुटीला येतो तो पाहिला असेल, त्याला ‘तुझ्या पदरचे घालून वर आणखी एक इंच चढव’ असे सांगण्याचा धीर होणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शाखा अभियंत्यापाशी मी हा विषय काढला. त्यांनी जुन्या कागदांतून एका घराचे अंदाजपत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. खोदाई, मुरूम भरणे, सळई, सेंट्रिंग, गिलावा, गळतीप्रतिबंधक कोबा, रंग असे एकामागून एक रकाने होते. पावसाच्या चार महिन्यांसाठी एक कलम होते. उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी कोठेही ओळ नव्हती. ‘अहो, गळालेलं पाणी बादलीत दिसतं,’ ते म्हणाले, ‘हे दिसत नाही.’ त्यांच्या म्हणण्यात सारा इतिहास आला. पाणी तक्रार करते. उष्णता मुकाट्याने येते, आणि तिचा जाब विचारायला कोणी कारकुनाच्या टेबलापाशी जात नाही.

म्हणून माझी मागणी अगदी माफक, एका ओळीची आहे. सरकारी पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक घरकुलाच्या, शाळाखोलीच्या आणि अंगणवाडीच्या अंदाजपत्रकात छताच्या उष्णतारोधनाचे स्वतंत्र कलम असावे, त्याची तरतूद अनुदानाच्या रकमेत भर घालून करावी, आणि ते काम झाल्याचा दाखला मिळाल्याखेरीज शेवटचा हप्ता निघू नये. देगलूर-बिलोलीच्या वेशीपलीकडे तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर केले आणि सरकारी इमारतींना ते सक्तीचे केले. त्या धोरणाचा भर ऊन परतवून लावणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागावर आहे. चुन्याचा हात किंवा पांढऱ्या लाद्यांचे तुकडे हा उपाय स्वस्त आहे आणि पहिला तोच करावा, याबद्दल वाद नाही. पण पांढरा रंग दोन पावसाळ्यांत काळवंडतो, धूळ बसली की निम्मा निरुपयोगी होतो, आणि दर वर्षी कुंचला घेऊन गच्चीवर चढण्याचा उत्साह किती घरांत टिकतो हे आपण जाणतोच. वर पांढरे आणि खाली एक इंच, अशी जोडी असली म्हणजे एकाने कुचराई केली तरी दुसरा पहाऱ्यावर असतो.

पत्र्याच्या घरांचे दुःख निराळे आणि अधिक तीव्र आहे. पत्रा उष्णतेला अडवतच नाही. तापतो मिनिटांत आणि निवतोही मिनिटांत, त्यामुळे त्या घरात रात्र थोडी सुसह्य असली तरी दुपार भट्टीची असते. विदर्भात पत्र्यावर पऱ्हाट्यांचे किंवा कडब्याचे थर घालण्याची रीत आहे. ती भुशाचीच विद्या, फक्त तिला आगीची ठिणगी आणि उंदीर हे दोन शत्रू.

आग म्हटल्यावर थांबले पाहिजे. लंडनमध्ये १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या चोवीस मजली इमारतीला लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली, आणि ती आग पसरली ती इमारतीवर बाहेरून बसवलेल्या ज्वालाग्राही आवरणातून. उष्णतारोधनाची वकिली करणाऱ्या कोणीही हे प्रकरण दडपून पुढे जाऊ नये. थर्माकोल, पफ (पॉलियुरेथेनचा फेस) ही द्रव्ये पेट घेतात आणि त्यांचा धूर विषारी असतो. स्लॅब आणि कोबा यांच्यामध्ये ती बंदिस्त असली तर धोका फारच कमी. पण उघड्या भिंतीवर, आणि चूल-गॅसच्या वर, रॉकवूलसारखे न जळणारे द्रव्यच पाहिजे. दुसरा शत्रू पाणी. पाण्याची वाहकता स्थिर हवेच्या तेवीसपट आहे. कोठड्यांत पाणी शिरले की पहारेकरीच फितूर झाला म्हणून समजावे. आणि तिसरी गोष्ट शत्रू नव्हे, मर्यादा आहे: हा थर थंडावा निर्माण करीत नाही, फक्त ओघ मंदावतो. चुलीची, दिव्यांची आणि माणसांची उष्णता आतच कोंडून, खिडक्या लावून बसले तर तोच थर तिलाही बाहेर जाऊ देणार नाही. आत्याच्या घराला साणे होते, हे विसरू नये.

तासगाव-सांगलीकडे बेदाण्याची शीतगृहे आहेत. त्यांच्या भिंती पफच्या जाड पॅनलांच्या. दाराच्या फटीलासुद्धा रबराची पट्टी असते, आणि दार क्षणभर उघडे राहिले तर आतला माणूस खेकसतो. त्याचे खेकसणे रास्त आहे, कारण आत ठेवलेल्या मालाला भाव आहे. तो माल ज्यांनी वाळवला, निवडला आणि पेट्यांत भरला त्या बायका संध्याकाळी पत्र्याखाली जाऊन भाकरी थापतात.

या एप्रिलात मी माझ्या स्वतःच्या गच्चीचे काम काढले. स्लॅब झाडून-धुऊन, गळतीचा लेप देऊन, त्यावर जास्त दाट थर्माकोलचे इंचभर तक्ते सांध्याला सांधा भिडवून अंथरायचे, वर प्लास्टिकचा कागद, त्यावर जाळी घालून पातळ कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या लाद्यांचे तुकडे, असा बेत होता. मिस्त्री जुना माणूस. त्याने तक्ते उचलून पाहिले, अंगठ्याने दाबले आणि विचारले, ‘काका, गच्चीवर टीव्हीची खोकी मांडायचीत का?’ मी त्याला माळवदाची गोष्ट सांगितली. तो औशाकडचा निघाला. त्याच्या वडिलांनी त्र्याण्णव साली, भूकंपानंतरच्या दिवाळीत, स्वतःच्या हाताने माळवद उतरवले होते. त्यावर त्याने फारसे काही म्हटले नाही, पण त्या दिवसापासून तक्त्यांचे सांधे तो स्वतः बसवू लागला, बिगाऱ्याला हात लावू देईना.

काम उरकले तेव्हा कापलेल्या तुकड्यांचा ढीग कोपऱ्यात उरला होता. मजुरीचे पैसे मोजून घेतल्यावर मिस्त्रीने, अंमळ संकोचून, तेवढे तुकडे मागितले: पत्र्याला आतून लावीन म्हणाला, बायको दुपारची घरात थांबत नाही. मी दिले. चुलीच्या वर लावू नका, एवढे मात्र दोनदा बजावले; आणि तो तुकडे गोणपाटात बांधून, सायकलच्या कॅरियरवर ठेवून, सावकाश निघून गेला.